कागदाचें शिरस्त्राण

शाळेच्या रंगभूमीवर रोमी शताधिपति उभा करावयाचा झाला म्हणजे पहिला प्रश्न त्याच्या शिरस्त्राणाचा उद्भवतो. पत्र्याचें करावें तर तें जड होतें व त्याच्या कडा गालास लागतात. नुसत्या कागदाचें करावें तर पहिल्याच तालमीस चुरगळतें. या दोहोंमधील मार्ग म्हणजे जाड कागदावर राळ चढविणें हा होय. अलीकडे संगणक शिरस्त्राणाची आकृति उलगडून तिचे सपाट तुकडे छापून देतो. ते कापून, दुमडून व चिकटवून सांगाडा तयार होतो. त्या सांगाड्यास बळकटी व रूप कसें आणावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

ही कल्पना नवी नाहीं. जपानांत नारा येथील कोफुकुजी मंदिरांत इ. स. ७३४ मध्यें घडविलेली असुराची मूर्ति आहे; ती कापड व वृक्षाचा चीक यांच्या थरांची असून आंतून पोकळ आहे. काश्मिरांत कागदाच्या लगद्याचें काम दोन भागांत करितात. घाट घडविण्यास सख्तसाजी व वर रंगकाम करण्यास नक्काशी म्हणतात. आपणांसहि हाच क्रम पाळावयाचा आहे: आधीं घाट पक्का, मग नक्काशी.

पॉलिएस्टर राळ ही स्टायरीन नांवाच्या द्रवांत विरघळविलेली असते. तींत हार्डनर घातला कीं राळेच्या लांब सांखळ्या स्टायरीनच्या दुव्यांनीं एकमेकींस जोडल्या जातात व द्रवाचा घन होतो. हें पाण्यासारखें वाळणें नव्हे. ही रासायनिक क्रिया असून तींत उष्णता निर्माण होते. शंभर ग्रॅम राळेस एक ते दोन ग्रॅम हार्डनर पुरतो. एकदम पुष्कळ राळ कालविल्यास ती भांड्यांतच तापून धुमसूं लागते. म्हणून थोडी थोडीच कालवावी. कोबाल्टचा गतिवर्धक निराळा मिळत असेल तर तो आधीं राळेंत पूर्ण ढवळून घ्यावा, मगच हार्डनर घालावा. हे दोन पदार्थ थेट एकमेकांत कधींहि मिसळूं नयेत. त्यांचा भडका किंवा स्फोट होतो.

राळेचा पहिला हात पातळ असावा. ओला कागद मऊ पडून आकार बिघडतो, यासाठीं कडांमध्यें पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या आधारास द्याव्या. बाहेरील थर कडक झाल्यावर आंतील बाजूस काचतंतूंची चटई राळेनें बसवावी. खरी बळकटी तिच्यामुळेंच येते.

आतां दुमडींचे कोपरे झांकण्यासाठीं, मोटारी रंगविणारे कारागीर जिला लांबी म्हणतात ती भरावी. ती कडक झाल्यावर प्रथम ८० नंबरच्या, मग १२० व २२० नंबरच्या काचकागदानें घासावें. शेवटचें घासणें पाण्यानें करावें, म्हणजे धूळ उडत नाहीं. नंतर करडें अस्तर देऊन दिवा बाजूनें तिरपा धरावा. समोरच्या उजेडांत न दिसणारे खळगे छायेमुळें लगेच उघडे पडतात. ते भरून पुन्हां घासावें. या कामीं जो कंटाळतो, त्याचा आळस वरचा रंग झांकीत नाहीं. चकाकीनें तो अधिकच दिसतो.

कांठाची उठावदार रेघ हवी असल्यास अस्तरापूर्वीं जाड दोरी चिकटवावी. खिळ्यांच्या डोक्यांसाठीं घट्ट गोंदाचे थेंब पुरतात. पितळेचा भास आणण्यास आधीं काळपट तपकिरी रंग द्यावा व त्यावर पितळी रंगाचा पातळ हात फिरवावा. तो वाळला म्हणजे पातळ काळा रंग खांचांत सोडून वरचा पुसून घ्यावा, आणि अगदीं कोरड्या कुंचल्यानें फिकट पितळी रंग फक्त कडांवर ओढावा. कारण खऱ्या धातूचेंहि असेंच असतें: हात लागतो तेथें तो उजळतो, लागत नाहीं तेथें मळतो. तुरा तांबड्या रंगविलेल्या अंबाडीच्या तंतूंचा करावा. शताधिपतीचा तुरा एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे आडवा असे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

हें सारें करितांना एक गोष्ट विसरूं नये. स्टायरीनची वाफ डोकें दुखविते व श्वासास अपाय करिते. तोंडास बांधलेला रुमाल तिला अडवीत नाहीं. राळेचें काम उघड्या व्हरांड्यांत, दिव्यापासून व चुलीपासून दूर, मोठ्या माणसानेंच करावें. सक्रिय कोळशाचा मुखवटा, हातमोजे व चष्मा हीं तिन्ही हवींत. हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्यानें निदान पंधरा मिनिटें डोळा धुवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावें. घासतांना उडणारी काचतंतूंची धूळहि अंगावर व छातींत जाऊं देऊं नये. लहान वर्गांतील मुलांनीं खळ व वर्तमानपत्रांचे थर वापरावे. त्यांचें शिरस्त्राण एका नाटकापुरतें उत्तम टिकतें. कोणतीहि शोभा मुलाच्या एका डोळ्याहून मोलाची नाहीं.

शेवटीं आंतील बाजू पाहावी. काचतंतूंचीं टोकें घासून वर कापडाचें अस्तर लावावें, कानांजवळ वारा येण्यास भोंकें ठेवावीं, आणि तें घालून मुलास बाजूला दिसतें कीं नाहीं, पायऱ्या उतरतां येतात कीं नाहीं, हें तालमींतच पाहावें. शौलाचें चिलखत दाविदानें उतरून ठेविलें तें तें वाईट होतें म्हणून नव्हे. त्याची त्यास संवय नव्हती म्हणून. प्रेक्षकांस फक्त बाहेरील चकाकी दिसते, परंतु जो मुलगा तें मस्तकावर वाहतो त्यास आंतील बाजूच लागते. कारागिरानें प्रथम त्याचा विचार करावा.