सोपवलेले ताट

जपानी भाषेत 'ओमाकासे' असा एक शब्द आहे. 'तुमच्यावर सोपवले' हा त्याचा सरळ अर्थ. आठ-दहा माणसेच बसू शकतील अशा लाकडी फळीपुढे गिऱ्हाईक बसते, पदार्थांची यादी मागत नाही, आणि पलीकडे उभा असलेला आचारी त्या दिवशी बाजारात जो मासा उत्तम मिळाला असेल त्याचा एकेक तुकडा आंबूस भातावर बसवून पुढे ठेवतो. कोणता घास आधी, कोणता नंतर, हे त्याने ठरवायचे. खाणाऱ्याने विश्वास ठेवायचा. टोकियोच्या गिन्झा भागातील, तळघरातल्या जेमतेम दहा आसनांच्या 'सुकियाबाशी जिरो' या उपाहारगृहाची कीर्ती याच रीतीने जगभर पसरली. आता आपल्या महानगरांतही ही रीत आली असून तिच्यासाठी हजारो रुपये मोजणारे हौशी लोक आहेत.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ही कल्पना फारशी समजावून सांगावी लागणार नाही. जुन्या वळणाच्या खाणावळीत पदार्थांची यादी नसे. 'आज काय केलंय?' एवढाच प्रश्न असे आणि त्याचे उत्तर ताटातच वाढून येई. शेतात काय निघाले, बाजारात काय आले, वार कोणता, उपास कोणाचा, हे सारे चुलीपाशी बसलेल्या बाईला ठाऊक असे आणि तिच्या निर्णयावर जेवणारा विसंबून असे. फरक एवढाच, की तिकडे या विसंबण्याला कलेची प्रतिष्ठा मिळाली. इकडे ती नाइलाजाची गोष्ट समजली गेली.

हा फरक मासवडीच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. नारायणगाव, मंचर, जुन्नर या परिसराची ओळख बनलेल्या या पदार्थात मासा औषधालाही नसतो. कापलेल्या वड्या माशाच्या तुकड्यांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. लसूण, जिरे, मिरचीची फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात डाळीचे पीठ घेरून ते घट्ट शिजवायचे. ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचे. त्यावर भाजलेले सुके खोबरे, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे आणि फडक्याच्याच आधाराने गुंडाळी करून तिला कड काढायची. पीठ निवले तर वडी चिरते, सैल राहिले तर बसते. म्हणजे बोटे पोळत असतानाच काम उरकावे लागते. जपानी आचारी बांबूच्या चटईवर जी गुंडाळी वळतो, तिच्याहून हे कसब तसूभरही कमी नाही. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी आली, की ताट पुरे होते.

याच दोन तालुक्यांच्या पश्चिम अंगाला, भीमाशंकर-आहुप्याच्या डोंगरांत, ऋतूच स्वयंपाकाचा कारभारी असतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर महादेव कोळ्यांच्या घरात चाई, भारंगी, कुर्डू, टाकळा अशा रानभाज्या शिजतात आणि ओढ्यातले खेकडे येतात. घोड नदीवरील डिंभे धरणाने मूळ आंबेगाव गावासह अनेकांची भातखाचरे पाण्याखाली गेली. त्याच जलाशयात पुढे विस्थापित आदिवासींनी सहकारी संस्थेमार्फत मासेमारी सुरू केली. या कामाला साह्य करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पुढाकाराने दिला जाणारा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. ताटातल्या माशामागे असाही इतिहास असतो.

तथापि या साऱ्याचे भाबडे गुणगान करणे योग्य होणार नाही. निवड करता येणे हाही एक हक्क आहे. गरिबाच्या ताटात एकच भाजी असे ती श्रद्धेपोटी नव्हे, तर दुसरी परवडत नसे म्हणून. आणि जिच्यावर सारे सोपवले जाई त्या बाईला तरी निवड कुठे होती? घरातल्या सर्वांची पाने उठल्यावर उरले-सुरले आपल्या ताटात घ्यावे, हाच तिचा शिरस्ता. तेव्हा प्रश्न यादी असावी की नसावी हा नाही. ज्याच्यावर सोपवायचे त्याचा मान कोण राखतो, हा आहे.

जपानमध्येही सुशी मुळात दरबारी पक्वान्न नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हातावर दाबून केलेली सुशी गाड्यांवर विकली जाई आणि घाईतला कष्टकरी ती उभ्यानेच खाई. त्या साध्या घासाला प्रतिष्ठा मिळाली ती तो करणाऱ्याचे कसब समाजाने ओळखले म्हणून. उमेदवाराने वर्षानुवर्षे गुरूच्या हाताखाली राबावे, आणि अखेरीस त्याचे नाव व्हावे, अशी तेथील व्यवस्था आहे. 'सुकियाबाशी जिरो'चे मालक जिरो ओनो यांना तर जपान सरकारने निष्णात कारागीर म्हणून गौरविले.

आपल्याकडे अशी दृष्टी अगदीच नव्हती असेही नाही. मुंबईच्या गिरणगावात, जेथे आंबेगावच्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू गिरणीकामगार म्हणून राबले, तेथे हजारो एकट्या कामगारांची पोटे खाणावळवाल्या बायकांनी भरली. त्या स्वतः मात्र सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले व बँकांच्या कर्जाची वाट खुली केली. स्वयंपाक हा व्यवसाय आहे, आणि तो करणारी बाई पत असलेली व्यक्ती आहे, हे त्यातून प्रथमच ठामपणे मांडले गेले.

आज जुन्नर-आंबेगावपुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला; २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण मंजूर झाले. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट पाहायला येणारा प्रवासी येथेच जेवतो. त्याच्यापुढे शंभर पदार्थांचे छापील कार्ड ठेवून प्रत्येक महामार्गावर मिळणारे तेच पनीर वाढायचे, की आज जे उत्तम आहे तेच वाढण्याचे धैर्य दाखवायचे, हे स्थानिक व्यावसायिकांनी ठरवायचे आहे. दुसरा मार्ग पत्करला, तर त्याची अटही पाळावी लागेल. फलकावर 'घरगुती चव' असे लिहून भागणार नाही. ती चव ज्या हातांची, त्या बाईचे नावही तेथे यायला हवे आणि तिची मजुरी कारागिराच्या दराने ठरायला हवी. मासवडी वळण्याचे कसब लेकी-सुनांकडे आपोआप जाईल, ही समजूतही सोडावी लागेल. जे काम मान आणि दाम दोन्ही देत नाही, ते पुढची पिढी का शिकेल?

'तुमच्यावर सोपवले' असे म्हणणे सोपे आहे. पण सोपवण्यासाठी समोरच्याला ओळखावे लागते. टोकियोत फळीपलीकडचा आचारी डोळ्यांसमोर उभा असतो. आपल्याकडे तो बहुधा भिंतीआड असतो, आणि बहुधा ती बाई असते. ती भिंत दूर झाली, तर जुन्नरच्या ताटाला वेगळ्या जाहिरातीची गरज उरणार नाही.