भगताचं औषध आणि आपली वही

विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या डोंगराखाली एखाद्या वारली भगताने मुळी दाखवली, की आपण लगेच वही काढतो. त्याआधी हळदीची गोष्ट आठवा. जखमेवर हळद लावण्याला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. सीएसआयआरने जुने लिखित पुरावे दिले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. भगताचं ज्ञान मात्र तोंडी. आपल्या शोधनिबंधात ते छापलं की पेटंट अडवायला पुरावा होतो खरा, पण कंपन्यांना वाटही तोच दाखवतो. आणि भगताच्या हाती काय? बहुतेकदा काहीच नाही. म्हणून आधी ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती गाठा, लोकजैवविविधता नोंदवही बघा. मग भगताला सरळ विचारा, ‘बाबा, यातलं काय छापायचं नाही?’ उत्तरही वहीत लिहा.