दोन ठिपक्यांच्या मधलं गणित

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८३ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर १९९६ साली आला. त्रिकोणमितीसाठी त्यात ‘झेड-ट्रिग’ नावाची तयार खिडकी आहे. ती निवडा आणि साइन ४८क्षचा आलेख मागा. पडद्यावर लाट येतच नाही, क्ष-अक्षावर आडवी सपाट रेघ तेवढी दिसते. मग ४८ काढून ४९ घाला. आता साध्या साइन क्षची लाट, अगदी हुबेहूब!

यंत्र बिघडलेलं नाही. आलेखासाठी त्याच्याकडे ठिपक्यांचे ९५ उभे स्तंभ आहेत आणि या खिडकीत शेजारच्या दोन स्तंभांत पाय भागिले २४ एवढं अंतर पडतं. ४८ने गुणलं की ते होतं दोन पाय, म्हणजे लाटेचा एक पूर्ण फेरा. दर स्तंभावर किंमत शून्यच सापडते आणि सगळी लाट दोन स्तंभांच्या फटीत उरकते. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच हा प्रकार.

टॅन क्षची गंमत वेगळी. उणे १० ते १०च्या नेहमीच्या खिडकीत त्याच्या फांद्यांमध्ये उभ्या रेघा दिसतात. त्या फलाच्या नाहीतच. एक ठिपका वर, पुढचा खाली, म्हणून यंत्राने जोडून टाकलेले. अनंतस्पर्शी समजून त्या वहीत उतरवणारे विद्यार्थी कमी नसावेत.

असं यंत्र पहिल्यांदा बाजारात आणलं कॅसिओने, १९८५ साली. त्या एफएक्स-७०००जीचा पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा आणि प्रोग्रॅमसाठी जागा ४२२ बाइट. पण माझ्या मते खरी मजा याच कंजूषपणात आहे. १९७५मध्ये लॉस अ‍ॅलामॉसला भौतिकशास्त्रज्ञ मिचेल फायगेनबॉम एचपी-६५ कॅल्क्युलेटरवर काम करत होते. त्याला आलेखाचा पडदाही नव्हता. यंत्र इतकं मंद, की उत्तर येईपर्यंत पुढचा आकडा काय असेल याचा अंदाज बांधायला वेळ मिळे. त्या अंदाजांतूनच केऑसच्या गणितातलं ४.६६९ हे गुणोत्तर त्यांच्या ध्यानात आलं.

टीआय-८३च्या पुस्तिकेतच सिअरपिन्स्की त्रिकोणाचा छोटा प्रोग्रॅम दिलेला आहे. त्रिकोणाचे तीन कोपरे धरा. कुठल्याही बिंदूपासून सुरुवात करून, यदृच्छया निवडलेल्या कोपऱ्याकडे निम्मं अंतर जा, ठिपका टाका, पुन्हा तेच. असे ३,००० ठिपके. सुरुवातीला सगळा विस्कळीतपणा दिसतो. मग मधोमध एक रिकामा त्रिकोण राहतो, त्याच्या तिन्ही अंगांना तीन लहान, आणि हळूहळू जाळी उमटते.

आता डाव्या कोपऱ्यातला निम्म्या बाजूचा त्रिकोण मोठा करून पाहण्यासाठी खिडकी बदला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवा. ३,०००पैकी साधारण १,०००च ठिपके आत पडतील; आणखी निम्मं केलं की ३३०च्या आसपास. इथे जरा थांबावं. रेघ निम्मी केली तर निम्मे ठिपके उरतात, भरीव आकृतीची बाजू निम्मी केली तर पाव. इथे उरतात एक तृतीयांश, म्हणून ही आकृती रेघही नाही आणि पृष्ठभागही. तिची मिती १.५८५ निघते. अशा आकृत्यांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव बेन्वा मँडेलब्रोट यांनी १९७५मध्ये दिलं.

त्यांचा स्वतःचा प्रसिद्ध संच मात्र इथे चिकाटी मागतो. पडद्यावर ९५ गुणिले ६३ म्हणजे ५,९८५ ठिपके. प्रत्येकासाठी वर्ग करून बेरीज, पुन्हा वर्ग, अशा ५० फेऱ्या धरल्या तर काम तीन लाख पायऱ्यांच्या घरात जातं. काही तास सहज मोडतात. आकृती आडव्या अक्षाभोवती सममित आहे, म्हणून वरच्या ३२ ओळीच मोजाव्यात, खालच्या तशाच उतरवाव्यात आणि बॅटऱ्या नव्या घालाव्यात.