शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरांतील अडगळ

शेतकऱ्याच्या घरांत धान्याची कोठी कोणती आणि स्वयंपाकघर कोणतें, हें परक्या माणसास पुष्कळदां सांगावें लागतें. चुलीपासून चार हातांवर बियाण्याचीं पोतीं, फडताळाच्या माथ्यावर पंपाचा जुना पट्टा, दाराआड चऱ्हाटाचें भेंडोळें, मांडणीवर आहेरांत आलेल्या पातेल्यांची उतरंड. आणि या सर्वांमधून वाट काढीत घरची माउली दोन वेळच्या भाकऱ्या थापीत असते. या अडगळीविषयीं चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे. विषय बायकांचा, असें म्हणून कोणी पान उलटूं नये. प्रस्तुत लेखकाचाही पूर्वीं तोच समज होता.

पांच वर्षांपूर्वींची दिवाळी. घाण्यावरून शेंगदाण्याचें तेल आणलें, आणि तें ओतून ठेवावयास भांडें मिळेना. घरांत भांडीं थोडीं होतीं असें नाहीं. उलट इतकीं होतीं कीं, हवें तें हाताशीं येईना. नुकतीच घरांत आलेली सून फडताळाखालून घट्ट झांकणाचा एक पांढरा स्वच्छ कॅन काढून त्यांत तेल ओतूं लागली. आमच्या मातोश्री शेजारींच करंज्या मुरडीत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “अगं, थांब! त्या कॅनाला वास कसला येतोय?” सून म्हणाली, “धुऊन ठेवलेला आहे, आजी.” धुतलेला होता खरा. मींच दोन हंगामांपूर्वीं विहिरीवर तो तीन वेळां धुतला होता, आणि पुढेंमागें उपयोगी पडेल म्हणून घरांत आणून ठेवला होता. तो कपाशीवर फवारावयाच्या औषधाचा कॅन होता. वरचा कागद गळून गेला होता. आठ किलो तेल खड्ड्यांत गेलें, आणि त्या रात्रीं फराळावर कोणाचेंच मन लागलें नाहीं.

हा केवळ आमच्याच घरचा गाढवपणा म्हणून सोडून देतां आला असता, तर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. १९५८ सालीं केरळांत, जहाजांतून आलेल्या खाण्याच्या मालांत पॅराथिऑन हें कीटकनाशक मिसळून शंभरावर माणसें दगावलीं. त्यानंतर दहा वर्षांनीं, म्हणजे १९६८ सालीं, आपल्या देशांत कीटकनाशकांचा कायदा झाला. तरीही १६ जुलै २०१३ रोजीं बिहारांतील सारण जिल्ह्यांत गंडामन या गांवीं शाळेंतलें दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मरण पावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस सांपडलें. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यांत तें तेल ठेवलें गेलें असावें, असें त्या वेळीं अधिकाऱ्यांनीं सांगितलें. डबा उपयोगी पडेल म्हणूनच कोणीं तरी ठेवला असेल. प्लास्टिकच्या अंगांत औषध मुरतें; तें कितीही धुतलें तरी निघत नाहीं. म्हणूनच १९७१ च्या नियमांत असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावे, असें सांगितलें आहे. डबा तीनदां विसळावा हें बरोबर. पण तें पाणी फवारणीच्या पंपांतच ओतावें, आणि मग डब्यास भोंकें पाडावींत, म्हणजे त्याचा मोह कोणास पडणार नाहीं. विहिरीवर तो धुण्यांत मीं दुसरी चूक केली होती.

पुढच्या चैत्रांत आम्हीं स्वयंपाकघर रिकामें करावयास घेतलें. दिवाळीची झाडलोट असते, ती धूळ काढण्यापुरती. वस्तु कमी करावयाच्या तर चैत्रच बरा. जुन्या धान्याचीं पोतीं तोंवर खालीं बसलेलीं असतात, नवी बेगमी, मसाले, कुरडया-पापड व लोणचीं यावयाचीं असतात, आणि अंगणांत ऊन कडक असतें. सकाळीं चूल पेटविलीच नाहीं. दूध व भाकरी शेजाऱ्यांकडून आली, आणि सुईपासून रांजणापर्यंत सर्व कांहीं अंगणांत मांडलें.

मांडल्यावर जें दिसलें त्यानें मी वरमलों. स्त्रियांना टाकवत नाहीं, त्या चिंधीही जपून ठेवतात, असें आपण पुरुष म्हणतों. परंतु त्या अंगणांत सर्वांत मोठा ढीग होता तो शेतीचा. औषध चोळलेल्या बियाण्याची अर्धी पिशवी, युरियाचें फाटकें पोतें, मोटारीच्या जळालेल्या तारा, ठिबकाच्या नळ्यांचे तुकडे, विळे, खुरपीं, आणि एका डब्यांत धान्यांत घालावयाच्या गोळ्या. या गोळ्यांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीस नुसत्या हवेंतल्या ओलाव्यानें विषारी वायु सुटतो, आणि त्या विषावर उतारा नाहीं. राहत्या घरांत ती वापरण्याचें काम आपलें नव्हे. कायद्यानेंही तें जाणत्या, परवानाधारक माणसांवरच सोंपविलें आहे. चुलीच्या वाफेच्या खोलींत असला डबा ठेवणारा मी, मुलांना विहिरीजवळ जाऊं नका म्हणून दटावीत असे! आतां शेतीचें सर्व सामान गोठ्यापलीकडच्या पत्र्याच्या खोलींत कुलपांत असतें. रंगीत बियाणें उरलें तर तें दळणाच्या धान्याजवळ येऊं द्यावयाचें नाहीं, हा नियम घरांतील लहानथोरांस पाठ झाला आहे.

दुसरा ढीग भांड्यांचा. लग्नामुंजींत स्टीलचीं भांडीं नांव कोरून द्यावयाची चाल पडल्यापासून आमच्याकडे पिंप, डबे व ताटें यांस अंत राहिला नाहीं. त्यांतलीं बहुतेक कागदाच्या वेष्टनांतच होतीं. नांव कोरलें आहे, म्हणून दुसऱ्यास देतां येत नाहीं, ही मोठी अडचण. ती बायकांनींच सोडविली. आमच्या देवळांत गांवजेवणाचीं सार्वजनिक भांडीं आहेत. त्यांत हीं नांवासकट जमा केलीं. देणाऱ्याचें नांव पंक्तींत सर्वांपुढें येतें, मग त्यास राग कसला! पितळेचीं पातेलीं मात्र विचार करून ठेविलीं. कल्हई असेल तोंवर त्यांसारखें भांडें नाहीं, पण कल्हई उडालेल्या पातेल्यांत ताक किंवा चिंचेचें सार कळकतें, हें सर्वांस ठाऊक असून चार वर्षें कल्हई न झालेलीं सात पातेलीं आमच्याकडे निघालीं. तीन कल्हईस दिलीं आणि चार मोडींत घातलीं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांविषयीं न लिहिलेलेंच बरें. त्यांची मोजदाद करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

धान्याची गोष्ट निराळी आहे. तें अडगळ नव्हे, परंतु त्याची जागाही चुलीशेजारीं नव्हे. साठवणीचें धान्य वाळवून त्यांतील ओल शेंकडा १२ च्या आंत आणावी लागते. दांतांखालीं दाणा कट् असा आवाज करून फुटला म्हणजे तें वाळलें, असें जुनीं माणसें समजत. असें वाळविलेलें धान्य भाताच्या वाफेंत वर्षभर ठेवलें तर तें पुन्हां ओल धरतें, आणि सोंडे त्याचीच वाट पाहत असतात. आम्हीं कणग्या माजघराच्या कोरड्या कोपऱ्यांत फळ्यांवर ठेविल्या. स्वयंपाकघरांत आठ दिवसांचें पीठ व डाळ, एवढेंच येतें. तुरीला नि हरभऱ्याला खायचें तेल चोळून ठेवण्याची आजीची रीत मातोश्रींनीं चालूं ठेविली आहे, आणि ती शास्त्रासही धरून आहे.

एवढें सर्व बाहेर गेल्यावर जागा झाली, आणि जागा झाल्यावरच पावलें मोजावयाचें सुचलें. पूर्वीं मोटेचा बैल किती हात चालतो, हें आपले वाडवडील मोजीत. आज आपण ठिबकाच्या छिद्रांचें अंतर इंचानें मोजतों. स्वयंपाकघरांतलीं पावलें कोणीं मोजलीं? आमच्याकडे पाण्याचा माठ चुलीपासून आठ पावलांवर होता, कारण मध्यें पोतीं होतीं. दिवसांत तीस खेपा धरल्या तर जाऊन-येऊन ४८० पावलें. वर्षाचीं १,७५,२०० होतात. दोन फुटांचें पाऊल धरलें तरी सुमारें १०७ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पुण्याहून साताऱ्याची वाट, नुसत्या पाण्यासाठीं! युरोपांत हा हिशेब फार पूर्वीं झाला. जर्मनीच्या फ्रँकफुर्ट शहरांत नवीं घरें बांधावयाचीं होतीं, तेव्हां १९२६ सालीं मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या स्थापत्यविशारद बाईंनीं आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतलें स्वयंपाकघर नमुन्यास घेऊन, अवघ्या १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब खोलींत सर्व सोयी हाताशीं येतील अशी मांडणी केली. तेवढी अरुंद खोली आपल्या कामाची नाहीं. तींत एकाच बाईस वावरतां येई. आपल्याकडे एक भाकरी थापते, दुसरी भाजते आणि दोन मुलें मध्येंच लुडबुडतात. पण पावलें मोजण्याची दृष्टि घेण्यासारखी आहे. माठ आतां दोन पावलांवर आला आहे. मिसळणाचा डबा, काठवट, तवा, उलथणें हीं बसल्या जागीं हातास लागतात. सणावारीं लागणारें वरच्या फळीवर आहे. काय कोठें ठेवावयाचें, हें घरांतील बायकांनीं ठरविलें. आम्हीं फक्त उचलाउचल केली. येथें पुरुषांनीं शहाणपण शिकवूं नये, हें मी अनुभवानें सांगतों. माठाची जागा पहिल्यानें मीं सुचविली होती, आणि ती खिडकीच्या उन्हांत होती.

गॅसची शेगडी आमच्याकडे आहे, तरी चूलही ठेविली आहे. भाकरी चुलीवरचीच, यावर मातोश्री हटून बसल्या. मात्र चुलीवर धुरांडें बसवून घेतलें. खोली रिकामी झाल्यामुळें तें बसवावयास भिंत मोकळी सांपडली.

वाद झाला तो जात्यावरून. दळण गिरणींत जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. जातें कोपरा अडवून बसलें होतें. मीं तें गोठ्याकडे नेण्याची गोष्ट काढतांच मातोश्री म्हणाल्या, “त्या जात्यावर तुझ्या लग्नाची हळद दळली आहे रे.” जातें ओसरीवर गेलें, गोठ्यांत नाहीं. गेल्या वैशाखांत धाकट्याच्या लग्नाची हळद त्यावर तेथेंच दळली, आणि ओसरीवर बायकांस बसावयास जागाही भरपूर मिळाली.

पांच वर्षांत स्वयंपाकघर पुन्हां थोडेंथोडें भरूं पाहतें, हें कबूल केलें पाहिजे. मागच्या महिन्यांत मींच पंपाचा एक वॉशर मांडणीवर ठेविला. संध्याकाळीं तो माझ्या ताटाशेजारीं, वाटींत घालून वाढलेला होता. माळ्यावर आम्हीं अद्याप हात घातलेला नाहीं. येत्या चैत्रांत त्याची पाळी आहे.