खेळातील बाष्पयंत्र : त्याची गळती व तिचा उपाय

वाफेच्या शक्तीविषयी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील दहा पाने वाचून जे नीट ध्यानात येत नाही, ते वीतभर लांबीचे एक पितळी बाष्पयंत्र पाच मिनिटांत शिकविते. खाली दिवा लावावा, पाणी उकळू लागावे, आणि पाहता पाहता चाक फिरू लागावे! जर्मनीत न्यूरेंबर्ग येथील बिंग व गॉपिंगेन येथील मेर्क्लिन या कारखान्यांनी अशी यंत्रे पुष्कळ केली. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या मॅमॉड यंत्रांनी इ. स. १९३० नंतरच्या दशकापासून मुलांना वेड लावले. त्यांपैकी अनेक यंत्रे आज वृद्ध झाली आहेत. चाके व दट्ट्या धड असूनही बॉयलर गळतो, म्हणून ती अडगळीत पडतात. ही गळती कशी शोधावी, कशी बुजवावी, आणि केव्हा बुजवू नये, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

प्रथम बॉयलरची रचना पाहू. पितळेची एक नळी व तिच्या दोन्ही टोकांस बसविलेल्या दोन चकत्या, एवढीच ती असते. मॅमॉडसारख्या यंत्रांत हे सांधे कथील व शिसे यांच्या मऊ डाखाने झाळलेले असतात. साठ भाग कथील व चाळीस भाग शिसे असा डाख १८३ अंश सेंटिग्रेडवर वितळू लागतो. आता, दर चौरस इंचास १५ पौंड इतका दाब असता बॉयलरमधील वाफेची उष्णता सुमारे १२० अंश असते. म्हणजे आत पाणी आहे तोवर सांधा सुरक्षित आहे, कारण ज्योतीची उष्णता पाणी शोषून घेते. पाणी आटले व दिवा तसाच जळत राहिला, तर उष्णता धातूतच साठते आणि डाख वितळून वाहू लागतो. जुन्या यंत्रांच्या पुष्कळ दुखण्यांचे मूळ या एका निष्काळजीपणात असते.

गळतीची स्थाने मुख्यतः तीन. पहिले, जेथे सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा पाणी भरण्याचे बूच आट्यांवर बसते ते. दुसरे, झाळलेले सांधे. तिसरे, खुद्द पत्रा. यांतील कोणते स्थान दोषी आहे हे ठरविण्यासाठी दिवा मुळीच लावू नये. बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरावा, बुचे घट्ट करावी, बाहेरून कोरडा पुसून रात्रभर टीपकागदावर ठेवावा. मोठी गळती असेल तर सकाळी कागदच तिची साक्ष देईल.

याहून सूक्ष्म छिद्रे दाबावाचून दिसत नाहीत. त्यासाठी जाणत्या कारागिराकडून पाण्याच्या दाबाची कसोटी करवून घ्यावी. तो सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या जागी तात्पुरते बूच बसवितो, आतील हवा सर्व घालवितो, आणि हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देतो. १५ पौंडांस साडेबावीस पौंड. येथे पाणीच का, वाफ किंवा हवा का नको, असे कोणी विचारील. हवा व वाफ दाबली असता आकुंचन पावतात आणि ताणलेल्या धनुष्याप्रमाणे शक्ती साठवितात. पात्र फुटले तर ती शक्ती तुकडे भिरकावून देते. पाणी जवळजवळ आकुंचन पावत नाही. पात्र फुटले तरी थोडे पाणी सांडते, इतकेच.

आता उपाय. आट्यांतून गळत असेल तर जुना वॉशर काढून नवा घालावा; बहुधा एवढ्याने भागते. मात्र जुन्या यंत्रांत कोठे कोठे ॲस्बेस्टॉसचा दोरा किंवा पुठ्ठा असतो. त्याची धूळ फुप्फुसांस अतिशय घातक आहे, यास्तव तो मुलांनी खरवडू नये.

सांधा झिरपत असेल तर झाळकाम करावे लागते. ते मोठ्या माणसाने, हवेशीर जागी करावे. आतील क्षारांचा थर लिंबाच्या सताच्या सौम्य पाण्याने धुऊन टाकावा. सांध्याची जागा घासून लखलखीत करावी, कारण मळलेल्या धातूवर डाख धरत नाही. मग झाळण्याचे द्रव्य लावून मोठ्या, चांगल्या तापलेल्या खैयाने डाख द्यावा. उघडी ज्योत शक्य तो टाळावी. एक सांधा झाळताना दुसरा सुटावयाचा! शेजारच्या सांध्यांवर ओले फडके गुंडाळून ठेवणे हिताचे. काम झाल्यावर द्रव्याचा अंश ऊन पाण्याने धुऊन काढावा, नाही तर तो धातूस खात राहतो. डाखात शिसे असते, म्हणून हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. शेवटी गार पाण्याची कसोटी पुन्हा करावी.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. मऊ डाखाच्या जुन्या सांध्यावर चांदीचा डाख देऊ नये. तो ६०० अंशांहून अधिक उष्णतेवर वितळतो, आणि तेवढ्या उष्णतेत उरलेला मऊ डाख पितळेस पोखरतो. तसेच, गळती बुजविण्यासाठी आत चिकट द्रव्य ओतू नये; ते सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड व वाफेची नळी बुजवून टाकण्याचा संभव असतो.

पत्राच दोषी असेल, त्यास चीर गेली असेल किंवा पितळ जागोजाग तांबूस दिसत असेल, तर जस्त निघून जाऊन धातू ठिसूळ झाला आहे असे समजावे. अशा बॉयलरला ठिगळ नको. तो कपाटात शोभेसाठी ठेवावा, किंवा नवा करवून घ्यावा.

ठिगळाविषयी आम्ही इतके का बजावतो, हे इतिहासातील एका उदाहरणाने कळेल. इ. स. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ नावाच्या आगबोटीचा एक बॉयलर व्हिक्सबर्ग येथे फुगून गळू लागलेला आढळला. पुरत्या दुरुस्तीस वेळ लागला असता. म्हणून मूळ पत्र्याहून पातळ तुकडा घाईने बसवून बोट पुढे नेण्यात आली. ३७६ माणसांसाठी असलेल्या त्या बोटीवर दोन हजारांहून अधिक लोक होते. बहुतेक युद्धातून सुटून घरी निघालेले कैदी सैनिक. २७ एप्रिल रोजी मेम्फिसच्या पुढे चारांपैकी तीन बॉयलर फुटले आणि हजाराहून अधिक जीव गेले. स्फोटाच्या कारणांविषयी मतभेद आहेत. परंतु गळतीने दिलेली सूचना घाईने दडपली गेली, हे नाकारता येत नाही.

खेळातील यंत्राची शक्ती अल्प खरी; तथापि वाफेचा एक फवारा मुलाचा डोळा घालविण्यास पुरेसा आहे. यास्तव पालकांस आमची विनंती आहे की, मुलांकडून यंत्र हिरावून न घेता त्यांच्याजवळ बसावे, पाणी भरल्याची खात्री करावी व सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे हे प्रत्येक वेळी पाहावे. विद्यार्थिमित्रांनो, गळणारे भांडे आपला दोष उघड सांगत असते. तो दोष गार पाण्यात, शांतपणे शोधा. मूळ सापडल्यावर पुरता दुरुस्त करा. आणि त्याची कसोटी झाल्यावरच त्याखाली दिवा लावा.