घरात देव्हारा असला की मूल चांगलं निघतं? कोल्हापूरकडे पाहिलं तर गणित एवढं सोपं दिसत नाही

७ जून २०२३. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात सकाळपासून गर्दी जमत होती. काही जणांनी मोबाइलवर औरंगजेब आणि टिपू सुलतानाबद्दलचे वादग्रस्त स्टेटस ठेवल्याचं प्रकरण तापलं होतं आणि हिंदुत्ववादी संघटनांनी बंद पुकारला होता. पुढे दगडफेक झाली, दुकानं आणि गाड्या फुटल्या, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. इंटरनेटही बंद करावं लागलं.

आता याच जिल्ह्यातलं दुसरं गाव बघा. शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड. इथं गणेशोत्सवात चक्क मशिदींमध्ये गणपती बसतो. गणपती आणि मोहरम एकत्र आले की एकाच छताखाली पंजेही असतात आणि बाप्पाही.

गंमत अशी की दोन्हीकडची पोरं साधारण सारख्याच घरांत वाढलेली. कुणाच्या घरी देव्हारा आणि जोतिबाचे खेटे, कुणाच्या घरी शुक्रवारची नमाज आणि उरूस. मग एकीकडे दगड आणि दुसरीकडे आरती, असं का?

अशी घटना घडली की फेसबुकवर दोन वाक्यं हमखास दिसतात. एक, "हल्लीच्या पोरांवर धर्माचे संस्कारच राहिले नाहीत." दुसरं, "धर्म शिकवता म्हणूनच हे होतं." दोन्ही वाक्यं लिहिणाऱ्यांना खात्री असते. पुरावा मात्र दोघांकडेही कच्चा आहे.

स्टिकरवाला प्रयोग आणि एक मोठी चूक

२०१५ मध्ये एक संशोधन जगभर गाजलं. जाँ डेसेटी आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, कॅनडा, चीन, जॉर्डन, तुर्कस्तान आणि दक्षिण आफ्रिका या सहा देशांतल्या ५ ते १२ वर्षांच्या ११७० मुलांना स्टिकर दिले. सगळ्यांना पुरतील एवढे स्टिकर नाहीत, तुझ्यातले किती दुसऱ्याला देशील, असं विचारलं. निष्कर्ष निघाला की धार्मिक घरातली मुलं कमी उदार असतात. "बघा, आम्ही सांगत होतो" म्हणत निधर्मी मंडळींनी ती बातमी भरपूर फिरवली.

मग अझीम शरीफ या संशोधकाने तीच आकडेवारी पुन्हा तपासली. त्यात घोळ सापडला. कॉम्प्युटरमध्ये देशांना नुसते क्रमांक दिले होते, आणि गणित करताना ते क्रमांक खऱ्या आकड्यांसारखे वापरले गेले. समजा अमेरिका १ आणि कॅनडा २, तर कॅनडा अमेरिकेच्या दुप्पट! चूक सुधारल्यावर दिसलं की मूल किती स्टिकर देतं याचा संबंध घरच्या धर्मापेक्षा ते कोणत्या देशात वाढतंय याच्याशी जास्त होता. २०१९ मध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. ही बातमी मात्र फारशी कुणी शेअर केली नाही.

पण यावरून धर्म मानणाऱ्यांनी कॉलर ताठ करावी असंही नाही. २०१७ मध्ये १३ देशांत, भारतासह, तीन हजारांहून जास्त लोकांवर एक अभ्यास झाला. त्यांना एका खुनी माणसाचं वर्णन ऐकवलं आणि तो कोण असेल याचा अंदाज घेतला. तो धार्मिक असण्यापेक्षा नास्तिक असेल, असं मनोमन धरून चालणारे जवळपास दुप्पट निघाले. विशेष म्हणजे हा पूर्वग्रह स्वतः नास्तिक असलेल्यांमध्येही सापडला. नास्तिक खरोखर कसे वागतात हे त्या अभ्यासाने मोजलंच नव्हतं. लोकांना काय वाटतं, एवढंच मोजलं होतं.

खरं वागणं बघायचं तर जपान, डेन्मार्क, स्वीडनमध्ये रोजच्या आयुष्यात धर्माचं महत्त्व कमी आहे आणि खुनाचं प्रमाणही जगात खालच्या बाजूला आहे. आणि देव-धर्म मोडीत काढणाऱ्या ख्मेर रूजने कंबोडियात १९७५ ते ७९ मध्ये पंधरा लाखांहून जास्त माणसं मारली. दोन्ही उदाहरणं खरी आहेत, त्यामुळे एकट्या उदाहरणावर भांडण जिंकता येत नाही.

प्रार्थना वेगळी, जमाव वेगळा

या विषयावरचं सगळ्यात कामाचं संशोधन २००९ मधलं आहे. जेरेमी गिंजेस, इयन हॅन्सन आणि आरा नोरेन्झायन यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: माणूस एकट्याने किती प्रार्थना करतो, आणि सगळ्यांसोबत प्रार्थनास्थळी किती वेळा जातो. आधी पॅलेस्टिनी मुस्लिम, मग इस्रायली वसाहतींमधले ज्यू, पुढे इतर देशांतले लोक, त्यात भारतीय हिंदूही होते. जास्त प्रार्थना करणारे हिंसेला जास्त पाठिंबा देतात, असं दिसलं नाही. सामूहिक उपासनेला वारंवार जाणाऱ्यांमध्ये मात्र आपल्या गटासाठी मरण्या-मारण्याला पाठिंबा देण्याकडे कल जास्त दिसला.

इथे थांबून दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. हा अभ्यास मतांचा होता, प्रत्यक्ष हिंसेचा नव्हता. आणि "आपण सगळे एक" या भावनेची दुसरी बाजूही असते. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरकरांनी ती पाहिली आहे. मठ, मशिदी, बोर्डिंगा, तालमी सगळे पूरग्रस्तांसाठी राबले.

शिवाय गट धर्माचाच लागतो असं कुठाय? शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची फुटबॉल मॅच बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. समोरासमोरच्या समर्थकांचा देव एक, भाषा एक, तांबडा-पांढरा एक. तरीही हाणामारी झालेली आहे.

शाहू महाराजांनी काय केलं होतं?

कोल्हापुरात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच आला होता. १८९६ मध्ये शाहू महाराजांनी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण तिथे बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच उरले. मग १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा वेगवेगळ्या बोर्डिंगा उभ्या राहिल्या. यातून जात-धर्माच्या भिंती पक्क्या होतील, ही टीका तेव्हापासून होते आणि ती अगदीच चुकीची नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. म्हणजे राहण्या-जेवणाची सोय आपापल्या बोर्डिंगात, पण बाक एकच. घरातला देव त्यांनी काढायला लावला नाही. मूल दिवसभर कुणाशेजारी बसतं, हे मात्र बदललं.

याच कोल्हापुरात गोविंद पानसरे राहायचे. कम्युनिस्ट, देव न मानणारे. त्यांचं सगळ्यात जास्त खपलेलं पुस्तक 'शिवाजी कोण होता?' मात्र एका धर्मनिष्ठ राजावर आहे. शिवाजी महाराज स्वतः श्रद्धाळू हिंदू होते आणि तरीही परधर्मद्वेष्टे नव्हते, असं त्यात मांडलंय. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी घराजवळ पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. खटला कोल्हापूरच्याच न्यायालयात उभा राहिला. आरोप कुणावर सिद्ध होतात हे ठरवणं न्यायालयाचं काम.

पुढे १४ जुलै २०२४ ला विशाळगडावरच्या अतिक्रमणाविरोधात जमलेल्या जमावाने पायथ्याच्या गजापुरात घरांची आणि मशिदीची तोडफोड केली. गजापूर आणि कुरुंदवाड, जिल्हा एकच.

त्यामुळे "घरात धर्म शिकवायचा की नाही" यापेक्षा "पोरगं कुणासोबत असतं" हा प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो. तालीम, मंडळ, मशीद, शाळेतला बाक, हे आई-बापांना माहीत असतं. तिथला वस्ताद, मौलवी, मास्तर ओळखीचे असतात. २०२३ ची ठिणगी मात्र मोबाइलवरच्या स्टेटसने पडली. आणि सतरा वर्षांचा पोरगा ज्या ग्रुपमध्ये रात्री दोन वाजेपर्यंत जागा असतो, त्याचा अ‍ॅडमिन कोण, हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं. मग त्या घरात देव्हारा असो वा नसो.