बाणाची दांडी: लाकूड, ॲल्युमिनियम की कार्बन?

अमेरिकेत धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांमध्ये हा वाद कायम रंगतो. बाण उथळ रुतला, तर जनावर जखम घेऊन पळतं आणि हाल होऊन मरतं. म्हणून दांडीची निवड नुसत्या हौसेची बाब नाही.

पाच हजार वर्षांचा भाता: १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ‘ओत्झी’ या प्राचीन माणसाच्या भात्यात १४ बाण होते. पूर्ण झालेले फक्त दोन! दांड्या होत्या व्हायबर्नम झुडपाच्या. ओत्झीचा जीवही डाव्या खांद्यात घुसलेल्या बाणानेच घेतला.

जड लाकडाची शिफारस: १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रज जहाजावर हजारो बाण सापडले, बहुतेक हलक्या पॉप्लरचे. त्याच वर्षी इंग्रज लेखक रॉजर ॲस्कमने लढाईसाठी ॲशचं लाकूड सुचवलं. कारण? वजनामुळे जबर बसणारा तडाखा.

आल्याच्या वासाचा बाण: लाकडी बाणांत ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट ऑर्फर्ड सीडारचा मान मोठा. धागा सरळ, वजन कमी आणि ताज्या कापाला आल्यासारखा वास.

आकड्यातच माप: ॲल्युमिनियमच्या दांडीवर ‘२११७’ लिहिलं असेल, तर जाडी २१/६४ इंच आणि नळीची भिंत इंचाच्या १७ सहस्रांश.

बाण आधी वाकतो: सुटताना प्रत्येक दांडी लवते. ती लवकर सावरली नाही, तर बाण तिरका आदळतो आणि जोर वाया जातो. कार्बन इथे सरस, कारण त्याची थरथर चटकन थांबते.

बारीक दांडी, खोल घाव: पात्याच्या बुडापेक्षा दांडी बारीक असेल, तर घर्षण कमी होतं. कार्बन बारीक असूनही ताठ राहतो. मात्र तो हलका, म्हणून अनेक शिकारी पुढच्या टोकाला वजन वाढवतात. या विषयाचे अभ्यासक डॉ. एड ॲशबी जाड हाडं भेदायला किमान ६५० ग्रेनचा, म्हणजे साधारण ४२ ग्रॅमचा बाण सुचवतात.

निकाल असा: आधी सरळ उड्डाण, मग धारदार पातं, मग वजन. हे तिन्ही जुळले, तर लाकडी बाणही आरपार जातो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण तिरंदाजीच्या मैदानावर कार्बनचे बाण आहेतच. तुम्ही ते वापरत असाल, तर सोडण्याआधी प्रत्येक बाण हलका वाकवून तपासा. तडा दिसला किंवा करकर ऐकू आली, तर तो बाण बाद करा.